उरलेला पाय

"मोजे काढा," मी म्हटलं आणि सवयीने श्वास रोखून धरला.

"मोजे?" खाटेवर बसलेल्या शिंपीणबाईंनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "अहो वहिनी, खांदा दुखतोय माझा. हात वर जात नाही. पायाला काय झालंय?"

"ऐकलं मी. तरी काढा."

त्यांनी काढले आणि मला जे व्हायचं ते झालंच. सुया टोचण्याच्या या कामात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण लोकांच्या पायांची किळस काही गेली नाही. माणसं इथे येताना तोंड धुतात, केस विंचरतात, ठेवणीतले कपडे घालतात आणि पाय मात्र आहेत तसे घेऊन येतात. भेगांत बसलेला मळ, बोटांच्या बेचक्यांतला पांढरट ओलावा, आणि नखांखाली काय असतं ते तर विचारूच नका. दुपारपर्यंत हॉलभर आंबूस वास पसरतो. मग माझे दीर गुलाबाच्या वासाचा फवारा मारतात आणि कुणीतरी गुलाबपाण्यात मोजे भिजत घातल्यासारखं वाटायला लागतं.

ॲक्युपंक्चरचा दवाखाना घरचाच. सासऱ्यांनी सुरू केला, दीर चालवतात आणि मी राबते. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात, मला सगळे वहिनी म्हणतात, पेशंटसुद्धा. दिरांना पेशंट डॉक्टर म्हणतात आणि ते म्हणू देतात. आमचे मिस्टर टायर विकतात आणि सुई दिसली की डोळे मिटून घेतात. घरात शहाणा माणूस तो एकच.

मी शिंपीणबाईंची पोटरी हातात घेतली आणि नडगीच्या बाजूने अंगठा दाबत खाली निघाले.

"इथे दुखतं?"

"हो."

"इथे?"

"हो, तिथेपण."

"आणि इथे?" या वेळी मी मुद्दाम भलतीकडेच, नुसत्या हाडावर बोट टेकवलं.

"हो हो, तिथेच. अगदी तिथेच."

म्हणजे बाई खोटं बोलत होत्या. वाईट हेतूने नाही, भिडेपोटी. समोरचा माणूस एवढा वाकून विचारतोय तर त्याला नाही कसं म्हणायचं, असं पुष्कळांना वाटतं. ही युक्ती अण्णांची. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्यांनी मला हे काम शिकवलं, बहुतेक बायकांना बाईचा हात बरा वाटतो म्हणून. "सुई काय, कुणीही टोचेल," ते म्हणायचे. "जागा निवडायची हेच काम." दुखतं तिथेच टोचायची घाई करू नकोस, आधी लांब बघ. खांद्यासाठी पोटरी बघ, डोक्यासाठी पावलं बघ. दुखऱ्या बाजूला हात लावता येत नसेल तर समोरची बाजू घे, उजव्या गुडघ्याचं डाव्यावर शोध. तेही जमत नसेल तर पायाचं काम हाताकडून करून घे. टाच दुखली तर तळहाताच्या बुंध्याशी जागा सापडते. सुया जेवढ्या कमी लावता येतील तेवढ्या लाव, आणि लावलेल्या मोजून काढ. हे सगळं सांगून झालं की शेवटी न चुकता म्हणायचे, "आणि जी कातडी बोलत नाही, तिला टोचायचं नाही."

कातडी बोलते म्हणजे काय, हे कळायला मला फार दिवस लागले. बरोबर जागा दाबली की माणसाचं काहीतरी हलतं. भुवई उडते, श्वास अडकतो, बोटं आत वळतात. तोंड काय म्हणतं ते सोडून द्यायचं. आणि शंका आली तर चुकीची जागा तेवढ्याच खात्रीने दाबून विचारायचं, "इथे?" हो म्हणाला की समजायचं, याच्या तोंडावर विसंबून चालणार नाही.

आणखी थोडं खाली आले तेव्हा शिंपीणबाई काही बोलल्या नाहीत, पण पायाचा अंगठा टुणकन वर उडाला. तिथे मी एक सुई लावली. "आता हात वर करा."

हात कानापर्यंत गेला. बाईंनी तो खाली आणला, पुन्हा वर नेला आणि त्यांचं तोंड चक्क पडलं.

"एवढंच? माझ्या शेजारणीला डॉक्टरांनी खांदाभर लावल्या होत्या. साळिंदर दिसत होती नुसती. तुम्ही एकीवर बोळवण करता होय?"

तेवढ्यात भावोजी पडदा सारून आत आले. त्यांचा पांढरा कोट, खिशाला दोन पेनं. त्यांनी बाईंकडे बघून ठेवणीतलं हसू काढलं, भिंतीवरच्या तक्त्याकडे एक नजर टाकली आणि सुयांचा खोका फोडला. तो तक्ता त्यांनीच छापून घेतलाय. डावीकडे आजार, उजवीकडे पॉइंट. खांदा असेल तर हे, गुडघा असेल तर ते. माणसाला हात लावायची गरजच नाही, ओळ वाचायची आणि टोचत सुटायचं. शिंपीणबाईंचा खांदा बघता बघता सुयांनी भरला. हात कधीच सुटला होता, तरी त्या आता कुठे समाधानाने आडव्या झाल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "आता कसं बरं वाटतंय."

मला शिसारी आली. भावोजींची आली की बाईंची, सांगता येणार नाही. हल्ली मला या हॉलमध्ये सगळ्याचीच येते.

"वहिनी," पडद्याबाहेर येऊन भावोजी हळूच म्हणाले, "दुपारी अण्णांना बाहेर आणा. व्हिडिओवाला येतोय."

"कशाला?"

"त्यांच्या पायावर उपचार करतोय मी. नसलेला पाय दुखतो, त्यावर. गुरूवर शिष्याचा उपचार, वडिलांवर मुलाचा. लोकांना असलं फार आवडतं."

"अण्णा हो म्हणाले?"

"अण्णा मला कधी नाही म्हणालेत?"

ते मात्र खरं होतं. तिथेच तर सगळं चुकलं होतं.

अण्णा हॉलमागच्या खोलीत असतात. मी गेले तेव्हा ते खिडकीशी खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत होते. डावा पाय गुडघ्याखाली संपतो. टोकाशी अजून लाली आहे, एका कोपऱ्यातून अधूनमधून पाणी येतं. पट्टी मी बदलते. लोकांच्या धडधाकट पायांना नाक मुरडणारी मी, पण त्या पट्टीचा वास मला चालतो. का ते विचारायला मी कधी थांबले नाही.

"आज कसं आहे?"

"टाचेला मुंग्या चावतायत," अण्णा म्हणाले. नसलेल्या टाचेबद्दल ते असंच बोलतात, शेजारच्या खोलीत कुणी आजारी असल्यासारखं. "सकाळपासून. खाजवावंसं वाटतं आणि खाली हात नेला की तिथे कुणी नाही."

पट्टी बांधून झाल्यावर मी उजव्या पायाकडे वळले. "जरा हाही बघू द्या."

"तो चांगला आहे. त्याला कशाला हात लावतेस?" त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला. "त्याचं माझं मी बघतो."

ते असंच म्हणत आलेत. तो पाय ते स्वतः धुतात, मोजा स्वतः चढवतात. म्हातारा माणूस, एक तरी गोष्ट स्वतःच्या हाताने करावीशी वाटत असेल, म्हणून मीही आग्रह केला नाही.

डावा पाय कशाने गेला ते घरात आम्हा तिघांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. अण्णांची साखर जुनी. तळवे बधिर व्हायला लागले होते. भावोजी तेव्हा कसलासा कोर्स करून, तो तक्ता घेऊन नुकतेच परत आले होते आणि अण्णांच्या पायात मी जीव आणून दाखवतो म्हणाले. मी अण्णांना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, कातडी बोलत नाही तुमची. तुम्हीच शिकवलंय." तर म्हणाले, "असू दे गं. पोरगं मनापासून करतंय." पोराचं मन राखायला या माणसाने स्वतःचा कायदा मोडला. भावोजींनी तक्त्यात होत्या तेवढ्या सुया लावल्या आणि काढताना फोनवर बोलत राहिले. मोजल्या नाहीत. करंगळीजवळची एक तशीच राहिली. अण्णांनी त्यावर मोजा चढवला, बूट चढवला आणि दिवसभर त्या सुईवर चालले. त्यांना काही कळायचं कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कपडे धुवायला घेतले तर मोज्याचं टोक रक्ताने कडक झालेलं. सुई दबून आत शिरली होती.

पुढचं सगळं घाणच. आधी पू, मग हिरवट काळा डाग, मग तो वास, जो गुलाबाच्या फवाऱ्याने जात नव्हता. मग इस्पितळ. "साखरेनं पाय गेला हो," भावोजी येईल त्याला सांगत सुटले, आणि अण्णा शेजारी बसून मान डोलावत राहिले. मला त्यांनी एकदाच सांगितलं, "याची वाच्यता नको." मीही मूग गिळून बसले. पण त्या दिवसापासून मला भावोजींच्या हाताचं पाणी घशाखाली उतरत नाही.

आणि आता त्याच हातांचा व्हिडिओ निघणार होता.

"अण्णा, जायचंच का बाहेर?" मी विचारलं. "नको असेल तर मी सांगते त्यांना."

"जाऊ या," ते म्हणाले. "नवी शाखा काढायचीय त्याला. तेवढाच उपयोग माझा."

दुपारी हॉल बंद ठेवून मधल्या खाटा बाजूला सरकवल्या. तक्ता मागे दिसेल अशी अण्णांची खुर्ची लावली. व्हिडिओवाला दिसायला सभ्य माणूस होता, पण त्याच्या तोंडात एक काडी होती आणि ती तो चघळत होता. त्याने अण्णांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, सामान खरेदीला आल्यासारखं.

"काका, ती पट्टी सोडा ना जरा," तो म्हणाला. "लोकांना दिसलं पाहिजे. पाय गेलाय हे नीट दिसलं की बघणारे वाढतात."

अण्णांचा हात पट्टीवर जाऊन बसला. भावोजी म्हणाले, "दोन मिनिटांचं काम, अण्णा. मला सुया तरी तिथेच लावायच्यात. तक्त्यात टोकाभोवतीच दिल्यात."

माझ्या घशाशी आलं. अक्षरशः आलं, मला तोंडावर हात धरावा लागला. "पट्टी सुटणार नाही," मी म्हटलं. "जखम ओली आहे. तिथे सुई लावलीत तर मी आत्ता तुमच्या कॅमेऱ्यासमोर काय काय बोलेन ते माझं मला माहीत नाही."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलू शकते ते त्यांना चांगलंच माहीत होतं. त्यांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त खालून टेकू काढल्यासारखं झालं.

"मग उपचार करायचा कुठे? हवेत?"

"समोरच्या पायावर," मी म्हणाले. "डावा नाही तर उजवा. अण्णांनीच शिकवलंय."

मला तेव्हा ते बरोबर वाटलं. डाव्या टाचेचं उजव्या टाचेवर शोधायचं, एक सुई लावायची आणि हा तमाशा आटपायचा. भावोजींनाही पटलं. "चालेल. धड पाय कॅमेऱ्यात बराही दिसेल. वहिनी, तुम्ही पॉइंट शोधा, टोचतो मी. व्हिडिओत टोचणारा मीच दिसायला हवा."

मी खाली बसले आणि मोज्याला हात घातला.

"मोजा राहू दे," अण्णा म्हणाले.

"नाही काका, पाय दिसला पाहिजे," व्हिडिओवाला म्हणाला. "तुम्ही खाली बघू नका. इकडे बघा, माझ्याकडे. हां, असं. जरा हसा."

अण्णा समोर बघून हसले. मी मोजा काढला आणि सवयीने श्वास रोखला. पण वास आलाच नाही. पाय लख्ख धुतलेला, नखं कापलेली, टाचेला एक भेग नाही. कातडी चकचकीत, ताणलेली, आणि हाताला गार लागली. उन्हाळ्याच्या दुपारी गार.

मी अंगठा टाचेच्या कडेला ठेवला. "इथे?"

"हो," अण्णा म्हणाले. चटकन.

जरा वर सरकले. "इथे?"

"हो. तिथे जास्त."

मी चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा कॅमेऱ्याकडे, हसरा. भुवई जागची हलली नव्हती. मी जोर केला. माझं नख पांढरं पडलं, शिंपीणबाई असत्या तर किंचाळल्या असत्या. पायाची बोटं तशीच, दगडाची असावीत तशी.

मग मी अंगठा उचलला. तळव्यापासून वीतभर लांब, हवेत धरला.

"आणि इथे, अण्णा?"

"हो," अण्णा म्हणाले. "तिथेच. बरोबर सापडलं बघ तुला."

भावोजी सुई घेऊन शेजारी वाकले. "मिळाला ना पॉइंट? सरका, लावतो."

मी दोन्ही तळहात त्या पायावर पालथे ठेवले. "इथे नाही."

"वहिनी, पेशंट स्वतः सांगतोय तिथेच आहे म्हणून."

"पेशंट काहीही सांगतो."

तेव्हा अण्णांनी खाली पाहिलं. त्यांना त्यांचा पाय माझ्या हातांखाली दिसला आणि माझा चेहराही दिसला असणार. ही युक्ती त्यांनीच शिकवलेली, आता काय झालं ते त्यांना सांगावं लागलं नाही. हसू त्यांच्या तोंडावरून हळूहळू उतरलं. इतके दिवस तो पाय खुर्चीखाली का जायचा, तो स्वतः का धुवायचे, ते सगळं माझ्याही एकदम ध्यानात आलं. पोराच्या शाखेसाठी हा माणूस आपला उरलेला पायही द्यायला बसला होता. मला रडू यायला हवं होतं, पण मला त्यांचा रागच आला. असलं प्रेम करावं तरी कशाला माणसाने?

"हात द्या," मी म्हणाले. "उजवा."

"हात कशाला?" भावोजी वैतागले. "वहिनी, आपलं ठरलंय..."

"तिचं ऐक," अण्णा म्हणाले. मुलाला इतक्या कोरड्या आवाजात बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी हात पुढे केला, तळवा वर करून.

मी तळहाताच्या बुंध्याशी अंगठा दाबत गेले. विचारलं काहीच नाही. मनगटाजवळ एका ठिकाणी त्यांची भुवई उडाली आणि करंगळी आत वळली. कातडी बोलली. मी भावोजींच्या हातातली सुई काढून घेतली आणि तिथे लावली. त्यांनी ती सोडली, बहुतेक कॅमेरा चालू होता म्हणून.

"एकच?" व्हिडिओवाला म्हणाला. "ही तर दिसतपण नाही."

थोडा वेळ गेल्यावर भावोजींनी घसा साफ केला आणि त्यांच्या त्या पेशंटसाठीच्या आवाजात विचारलं, "अण्णा, आता कसं वाटतंय? तिकडे बघून सांगा."

"मुंग्या कमी झाल्या," अण्णा म्हणाले.

मी चेहरा बघत होते. चेहऱ्याने काही सांगितलं नाही. खरंच कमी झाल्या की पोराला तेवढं तरी मिळावं म्हणून म्हणाले, मला अजून कळलेलं नाही, आणि विचारून कळणारही नाही.

मी सुई काढून ताटलीत ठेवली.

"एक," अण्णा म्हणाले.

"एक," मी म्हणाले.

मग मी मोजा उचलला. तो पूर्ण उलटा केला, झटकला, परत सुलटा केला आणि आत हात घालून टोकापर्यंत बोटं फिरवली, करंगळीच्या कोपऱ्यात दोनदा. त्यात काही नव्हतं. मान वर केली तर भावोजी माझ्या हाताकडे बघत होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "बंद कर," ते व्हिडिओवाल्याला म्हणाले आणि खाटा जागेवर सरकवायला लागले, उगाचच, एकट्याने, ज्या खाटेला दोन माणसं लागतात ती.

"आता रोज बघत जा," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. "मला कळत नाही."

"बघीन."

मी पाय मांडीवर घेतला, बोटांवरून मोजा चढवला आणि घोट्यापर्यंत ओढून सारखा केला. मोज्यातूनही पाय गार लागत होता. काम झालं होतं, तरी मी तो लगेच खाली ठेवला नाही.